वाळ्याचं मीठ

दिल्लीच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक बाथटब होता आणि चौदा वर्षांत त्यात एकाही माणसानं अंघोळ केली नव्हती. इंग्रजांच्या वेळचा, पांढरा, बिडाचा, दोन माणसांनाही हलणार नाही असा. कोपर्निकस मार्गाच्या मागच्या त्या दुमजली इमारतीत आठ बिऱ्हाडं होती. बाकीच्यांकडचे टब कधीतरी दुरुस्तीच्या नावाखाली काढून नेले होते, आमचा तेवढा राहिला होता.

त्यात आम्ही पाणी साठवत असू. नळाला सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर पाणी यायचं. बाबा मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते, पण इमारतीत त्यांना ‘टबवाले साहब’ म्हणत. टबात अठरा बादल्या पाणी मावतं हे त्यांनी स्वतः मोजलं होतं आणि आल्यागेल्याला ते सांगत. पाणी गेलं की लोक आमच्या दाराशी बादल्या घेऊन उभे राहत आणि बाबा दार सताड उघडून म्हणत, “अरे भाई, लीजिए ना, अपना ही टब है!” नाही हा शब्द त्यांना येत नव्हता. पुण्य बाबांच्या खात्यावर जायचं आणि टब घासून पुन्हा भरायचा तो आईनं. मला याचा तेव्हाही राग यायचा.

आईला त्या टबात अंघोळ करायची होती. एवढंच. पाय लांब करून, मानेपर्यंत पाण्यात पडून, एकदा. आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात तिनं बाबांना तसं सांगितलं होतं. बाबा हसले. “अगं, अठरा बादल्या! लोक काय म्हणतील?” आजी, म्हणजे बाबांची आई, त्यावर म्हणाली, “आणि आपलाच मळ आपल्याच अंगाला लावून बाहेर यायचं. शी!” आईनं विषय सोडला. टबावर फळी आली, फळीवर लोणच्याच्या बरण्या आल्या आणि टबाशेजारी पाटावर बसून तांब्यानं अंघोळ करणं आम्ही सगळ्यांनी चालू ठेवलं.

विषय सोडला असं आम्हाला वाटलं. सत्त्याहत्तर साली बाबा रिटायर झाले. दोन महिन्यांत क्वार्टर सोडून पुण्याला जायचं ठरलं. तिथल्या फ्लॅटची न्हाणी चार बाय चार होती. तेव्हा आईनं ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं एका इंग्रजी मासिकाचं कात्रण बाहेर काढलं. अंघोळीच्या पाण्यात टाकायचं सुगंधी मीठ घरी कसं करावं, हे त्यात सहा ओळींत लिहिलं होतं. कात्रण पार पिवळं पडलं होतं. मी सतरा वर्षांची होते, मला हसू आलं.

“हसू नकोस, उल्का,” आई म्हणाली. “खडेमीठ कूट.”

मी खलबत्त्यात मीठ कुटलं. पीठ करायचं नव्हतं, साबुदाण्याएवढे दाणे ठेवायचे होते. आईनं ते परातीत पसरून गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात दिवसभर वाळवलं. त्यात तिनं खायचा सोडा मिसळला. कात्रणात लव्हेंडर म्हटलं होतं. ते कुठून आणणार? ती बसनं चांदणी चौकात गेली आणि दरीब्याच्या अत्तरगल्लीतून वाळ्याच्या अत्तराची करंगळीएवढी कुपी घेऊन आली. तिकडे त्याला खस म्हणतात. काडेपेटीच्या काडीनं ती एकेक थेंब मिठावर सोडायची आणि हातानं चोळायची. मग ते बरणीत भरून फडक्यानं तोंड बांधून आठ दिवस ठेवून दिलं.

आठ दिवसांनी फडकं सोडलं तर आजी माजघरातून ओरडली, “लिंबाचं लोणचं कुणी उघडलं गं?”

बरणी लोणच्याची होती. आईनं ती तीन वेळा सोड्यानं धुतली होती, पण चिनी मातीत मुरलेला हिंग तीन धुण्यांना दाद देत नाही. वाळा आणि हिंग यांचा एकत्र वास कसा येतो हे मी सांगणार नाही. आजी दोन दिवस हसत होती. म्हणाली, “अंघोळ झाली की लगेच जेवायला बसता येईल.”

आईनं ते मीठ मोरीत ओतून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दरीब्याची बस पकडली. या खेपेला काचेची कॉफीची बाटली घेतली. मीठ तिनं स्वतः कुटलं, मला हात लावू दिला नाही. बाबा हे सगळं पेपरच्या वरून बघत होते. टब रिकामा करून देतो म्हणाले नाहीत की आता पुरे म्हणाले नाहीत. मला वाटलं, त्यांच्या लक्षातच आलं नसेल.

निघायचा दिवस जूनमधला होता. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. आजीला काकांनी नेलं होतं. घरात आम्ही तिघं, तीन बॅगा आणि प्यायच्या पाण्याचे दोन हंडे. संध्याकाळची गाडी होती. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, “उद्या सकाळी मी टबात अंघोळ करणार आहे. शेवटचा दिवस आहे, आता पाणी साठवून कुणाला दाखवायचंय?” बाबा “हं” म्हणाले होते.

रात्री भरलेला टब पहाटे गार होता. आई आत गेली. दार अर्धवटच लोटलेलं होतं, मला तिनं टॉवेल धरून पॅसेजमध्ये उभं केलं होतं. पॅसेजच्या एका टोकाला न्हाणी, दुसऱ्या टोकाला पुढचं दार, मध्ये मी. आई लुगड्यासकट टबाच्या काठावर बसली होती. बाटली मांडीवर, झाकण लावलेलं. तिला घाई नव्हती. चौदा वर्षांनी माणूस पाच मिनिटं नुसतं बघत बसू शकतं.

तेवढ्यात जिन्यात बादल्या वाजल्या.

त्या सकाळी नळाला पाणी आलंच नव्हतं. आम्हाला सामानाच्या गडबडीत कळलं नव्हतं. पुढच्या दारावर थाप पडली. बाबांनी दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या प्रभा चोप्रा उभ्या होत्या, मागे आणखी तीन-चार जण. प्रभाजींचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते.

“भाईसाब, एक-दो बाल्टी मिल जाएगी? सुबह से बूँद नहीं आई.”

बाबांनी मागे वळून पॅसेजमध्ये पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे, न्हाणीच्या दाराकडे. मग ते दारातून बाहेर झाले, दार मागे ओढलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “नहीं जी, आज टब में नहीं है. मतलब है, लेकिन मिसेस ने उसमें नमक डाल दिया है. पीने लायक नहीं रहा.”

फटीतून मला ऐकू आलं. मी न्हाणीकडे पाहिलं. आईच्या मांडीवरच्या बाटलीचं झाकण अजून घट्ट होतं.

पण बाबांचा आवाज आईपर्यंत पोचला नव्हता. तिला फक्त बादल्या ऐकू आल्या होत्या, आणि त्या आवाजानंतर काय होतं हे तिला चौदा वर्षं पाठ होतं. तिनं झाकण फिरवलं. कात्रणात दोन मुठी म्हटलं होतं. आईनं अख्खी बाटली टबात उलटी केली आणि तळ हातानं ठोकला. वाळ्याचा वास पॅसेजभर आला.

बाबा न्हाणीच्या दारापाशी आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत आई आतून म्हणाली, “मीठ टाकलंय मी. आता कुणाच्या उपयोगाचं नाही ते पाणी.”

बाबा “अच्छा,” म्हणाले आणि दार ओढून घेतलं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी प्यायच्या पाण्याचे दोन्ही हंडे उचलले आणि बाहेर नेऊन प्रभाजींच्या बादलीत आणि मागच्यांच्या भांड्यांत वाटून टाकले. आम्ही संध्याकाळपर्यंत स्टेशनवरच्या नळाची वाट बघत कोरड्या घशानं बसलो.

आई दहा मिनिटांत बाहेर आली. केसही नीट भिजले नव्हते. कोरडं लुगडं गुंडाळून तिनं बादली घेतली आणि टबातलं पाणी उपसून एकेका दाराशी नेऊन ठेवायला सुरुवात केली. “फर्श के लिए, संडास के लिए चलेगा,” म्हणत होती. सोळा खेपा केल्या. आम्ही निघालो तेव्हा सगळ्या जिन्याला खसचा वास येत होता.

पुण्यात आईनं ते मीठ पुन्हा कधी केलं नाही. पाणी गेलं की न्हाणीतली भरलेली बादली शेजारी देऊन यायची, कुणी न मागता. बाबा गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्याच्या महिन्याभरात एका दुपारी गहू निवडताना आई म्हणाली, “आयुष्यात त्यांच्या मनाविरुद्ध मी एकच गोष्ट केली. दारात तहानलेली माणसं उभी असताना पाणी नासवलं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते फार लागलंय, उल्का.”

मी वीस वर्षं गप्प बसले होते. बाबांना आपलं खोटं आणि आईला आपलं मीठ, दोघांनाही आपापलं गुपित गोड असेल असं मला वाटत होतं. मूर्खपणा होता तो. मी तिला सांगितलं. बाबा काय बोलले, कधी बोलले, आणि तेव्हा तिच्या बाटलीचं झाकण लावलेलं होतं ते.

आईचा हात सुपातच राहिला. तिनं मला दोनदा तेच सांगायला लावलं. मग तिचे डोळे भरून आले, आणि पाठोपाठ ती इतकी चिडली की गहू खाली सांडले.

“मग मला नको का सांगायला? दार ओढून घेतात आणि अच्छा म्हणतात! काय माणूस हा!” पदरानं तिनं नाक पुसलं. “आणखी अर्धा तास तरी पडले असते ना मी त्यात.”