रिकामं आकाश

दोघी सख्ख्या बहिणी एकाच दुर्बिणीवर काम करत होत्या. दूरच्या ग्रहांवर जीवसृष्टीच्या खुणा शोधायला ती अवकाशात जाणार होती. ताऱ्याचा झगमगाट झाकणारी काळी तबकडी थोरलीने घडवली होती आणि ताऱ्याशेजारचा मिणमिणता ग्रह टिपणारा कॅमेरा धाकटीने. पेपरात फोटो मात्र दर वेळी धाकटीचाच. झाकणाऱ्याचं कौतुक कोण करतंय? थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आज प्रयोगशाळेत चाचणी होती. एका दिव्याला तारा मानायचं, त्याच्या बाजूला थोरलीने गुपचूप प्रकाशाचा एक बारीक ठिपका लावायचा आणि तो खोटा ग्रह धाकटीने शोधायचा, असं ठरलं होतं. थोरलीने ठिपका लावलाच नाही. बया उतावळी आहे, नसलेला ग्रह शोधेल आणि सगळ्यांसमोर तोंडावर आपटेल!

धाकटी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथे काहीच नाहीये."

"नीट बघ," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "ग्रह लावायचं ठरलं होतं."

"लावला असता तर दिसलाच असता, साहेब. ताईची तबकडी चुकायची नाही. मला जोखायला तिने मुद्दामच काही लावलं नसणार. हो ना गं ताई?"

थोरलीने कशीबशी मान हलवली.

"वा! याला म्हणतात चाचणी!" साहेब म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरलीसाठी टाळ्या वाजल्या. आणि त्याही धाकटीनेच मिळवून दिलेल्या.