जाळीआड गेलेला ओटा

मित्रांनो, टेकताना माझी परवानगी कधी कोणी मागितली नाही. मी एक जुना ओटा आहे. उत्तर कोलकात्याच्या एका गल्लीत, मल्लिकांच्या दारालगत मला बांधलं. गवंड्याने लाल सिमेंट असं घोटलं होतं की पहिली पाच वर्षं लोक माझ्यावरून घसरत. पुढे बसून बसून त्यांनीच मला वठणीवर आणलं.

संध्याकाळी माझ्यावर गप्पांचा अड्डा भरे. निवृत्त मास्तर बिधूदा, होमिओपॅथीचे डॉक्टर तारापद आणि वादाचा विषय. दोन वर्षं विषय एकच होता : नकुल. त्याचं गाव नदीने गिळलं, तेव्हापासून तो माझ्यावर निजे. पहाटे मला धुऊन काढी आणि फुलबाजारात झेंडूची ओझी उतरवायला जाई.

"हातपाय धड आहेत, तरी रस्त्यावर! दोष त्याचा स्वतःचाच," बिधूदा म्हणत.

"नदी काय त्याने बोलावली होती? दोष समाजाचा!" तारापद उसळत.

"समाज म्हणजे कोण रे? नाव सांग, पत्ता सांग!"

नकुल शेजारीच बसलेला असे. त्याला कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर वाद संपला असता ना!

एके दिवशी घरमालक नृपेनबाबू मल्लिकांनी "ओटा आहे की धर्मशाळा?" म्हणत मला टोकदार लोखंडी जाळी ठोकली. नकुल वळकटी उचलून गेला. बिधूदांनी जाळीचं स्वागत केलं, तारापदांनी निषेध केला. मग दोघांनाही टेकावंसं वाटलं, आणि जागाच नव्हती.

चार दिवस अड्डा गल्लीत भटकला. मिठाईवाला म्हणाला, "काकाबाबू, गिऱ्हाइकाची वाट सोडा." दिव्याच्या खांबाखाली उभे राहिले, तर वरून एक वहिनी कडाडल्या, "कामधंदा नाही का तुम्हांला?" मास्तरांना हे आजवर कोणी ऐकवलं नव्हतं.

शेवटी दोघं नकुलला शोधत नदीच्या घाटावर गेले. पुढचं मला दोघांच्याही तोंडून कळलं, दोन वेगवेगळ्या प्रकारे.

"नकुल, बाबा रे, आम्हांला बसायला जागा दाखव."

"या ना दादा. रात्री आठपर्यंत इथे कोणी हाकलत नाही. पण आधी पायरी झाडायची, मग टेकायचं."

बिधूदांनी झाडू हातात घेतला.

"कोपऱ्यातही जरा," नकुल म्हणाला. मास्तरांनी कोपराही झाडला!

इकडे माझ्यावर धूळ साचली, केळीची सालं पडली. खिडकीत नृपेनबाबू एकटेच. बारा वर्षं ते पडद्याआडून अड्डा ऐकत आले होते. आठवड्याच्या आत तेच घाटावर हजर. "चला रे परत. घरात मला माझंच बोलणं ऐकावं लागतंय."

"नकुल आला तर येऊ," दोघं एका सुरात म्हणाले आणि एकमेकांकडे बघत राहिले. असं कधी झालंच नव्हतं.

"जिन्याखालची खोली रिकामीच आहे," नृपेनबाबू पुटपुटले.

"बघून सांगतो," नकुल म्हणाला. "पाणी कुठल्या अंगाने येतं ते पाहिल्याशिवाय मी आता घर घेत नाही."

खोली पसंत पडली. जाळी निघाली. आता वाद असा, की हे नकुलच्या कष्टाचं फळ की समाजाला आलेली जाग? नकुल मधोमध बसून दोघांनाही खोडून काढतो, आणि मला हसू आवरत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या एखाद्या ओट्यावर कोणी निजलेला दिसला, तर त्याच्याविषयी वाद खुशाल घाला. फक्त थोडं सरकून त्यालाही वादात घ्या.