आनंद नगरच्या दवाखान्यातला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भोपाळच्या आनंद नगरात, डॉक्टर सुमित्राबाईंच्या दवाखान्यात मी तान्ह्या बाळांची वजने केली. आता माझ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि काटा शून्यावर येत नाही.

माझा जन्म नागपूरचा. बाईंच्या यजमानांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा बाईंनी मला गादीत गुंडाळून इथे आणले. माझे पत्र्याचे तबक थंडीत फार गार पडे. बाई आधी आपले दोन्ही तळहात त्यावर टेकवून बसत. तबक कोमट झाले की मगच त्यात बाळाला ठेवत. रांगेतल्या बाया कुरकुरत, "बाईजी, जल्दी करो ना, गैस पे दूध चढ़ा के आई हूँ!" बाई म्हणत, "तुम्हारी पीठ को लगाऊँ क्या ये ठंडा पत्रा?" मग सगळ्या हसत. किती चांगले दिवस होते ते!

बाईंची नात श्रुती हिचेही वजन माझ्यावरच झाले. पुढे ती डॉक्टर झाली. पुढच्या शिक्षणाच्या परीक्षेत तिला चांगला क्रमांक मिळाला. आता जो विषय निवडायचा, त्यातच जन्म काढायचा होता. तिला बालरोग हवे होते. संगणकावरच्या पसंतीक्रमात तिने तेच पहिले भरले. बाईंच्या खुर्चीत पुढे तीच बसणार, असे मीही धरून चाललो होतो.

त्याच आठवड्यात तिच्या रुग्णालयात एक बाळ दगावले. त्याला फार उशिरा आणले होते. नातेवाइकांनी तिथल्या अमेय नावाच्या तरुण डॉक्टरला सलाईनच्या लोखंडी स्टँडने मारले. श्रुती दाराआड उभी राहून पाहत होती. अमेय बालरोगाचे शिक्षण अर्धवट सोडून गावी गेला.

निवड पक्की करण्याच्या शेवटच्या दुपारी श्रुती आणि तिचे बाबा अरविंद दवाखान्यात आले.

"रेडिओलॉजी घे," बाबा म्हणाले. "खोलीत बसून एक्स-रेचे फोटो बघायचे. तिथे कोण येतंय मारायला?"

"मग डॉक्टर तरी कशाला झाले, बाबा?"

"अगं, तू धड घरी यावीस, एवढंच मागतोय मी."

श्रुतीने बाईंकडे पाहिले. "आजी, तू सांग. तू म्हणशील ते."

बाईंनी विचारले, "वॉर्डात शिरलीस की आता आधी काय बघतेस?"

श्रुती म्हणाली, "नातेवाईक किती आहेत ते. मग बाळ."

बाईंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "मग नको घेऊस, बाळा. बाबा म्हणतो ते घे."

श्रुतीने क्रम बदलला आणि निवड पक्की केली. नंतर टेबलावर डोके टेकून ती रडली. कोणी तिला उगी म्हटले नाही.

पुढे बाईंनी दवाखाना बंद केला. मी तिथेच आहे, आत. अजूनही एखादी आई बाळ घेऊन येते, कुलूप पाहते आणि रायसेन रोडवर रिक्षा शोधत उभी राहते. तिचे बाळ रडत असते, ते मला ऐकू येते.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असे मी म्हणत नाही. भावंड आजारी पडले तर त्याला वेळेत डॉक्टरांकडे न्यायला घरी सांगा. आणि कधी तुमच्या बाबांचा किंवा काकांचा हात डॉक्टरांवर उठलाच, तर तो धरा. तुम्ही लहान आहात, पण तुमचा हात ते झिडकारणार नाहीत.