खरवडलेला नंबर

आईच्या निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी लेकीने मखमली डबी पुढे केली, तेव्हा आईचे हात भांड्यांच्या फेसात होते.

"अगं, माझ्या मनगटाचे असले लाड कुणी केले नव्हते," पदराला हात पुसत आई म्हणाली.

डबीत नावाजलेल्या कंपनीचे घड्याळ होते. तबकडी मावळतीनंतरच्या आभाळासारखी निळी. आईने मात्र तबकडीकडे न पाहता घड्याळ उलटे केले. ती प्रसूतिकक्षातली परिचारिका. नवजात बाळ हाती आले की चेहऱ्याआधी ती त्याच्या मनगटावरची पट्टी पाही. सवयच तशी जडलेली.

मागच्या झाकणावर, नंबर कोरलेला असतो तिथे, घासल्याचा पांढुरका व्रण होता.

"नंबर कुणी खरवडला?"

"विकणाऱ्यानं. घड्याळ अस्सल आहे गं, फक्त कंपनीच्या दुकानातलं नाही. ग्रे मार्केट म्हणतात त्याला. स्वस्त पडतं. माझ्या अर्ध्या ऑफिसनं तिथूनच घेतलंय."

"आणि पावती?"

"गाडीत बसून विकणारा काचेतून पावती कुठे देतो?" लेक हसली.

आई तिच्याशेजारी बसली. "वॉर्डात एकदा अंघोळ घालताना दोन बाळांच्या पट्ट्या निसटल्या. दोन्ही गुटगुटीत, दोन्ही अस्सल. पण कुणाचं कोण? तपासणी होईपर्यंत आम्ही एकही बाळ कुणाच्या ओटीत घातलं नाही. एकीनं माझे हात धरले, 'कुठलंही द्या सिस्टर, मी वाढवीन.' नाही दिलं. तिचं भागलं असतं गं, पण पलीकडच्या खाटेवरचीचं काय?"

"घड्याळ म्हणजे बाळ नव्हे, आई."

"नव्हेच. म्हणून तर त्याच्यासाठी कुणी आपल्या दारात रडत येणार नाही. आपणच विचारायचं."

लेकीने काहीशा हट्टानेच विक्रेत्याला फोन लावला. आधी हे कुणाचे होते, एवढेच विचारले.

"मॅडम, नंबरावर कुणी वेळ बघतं का?" पलीकडून हसू आले. "तुम्हाला कमी किमतीत हवं होतं, मी दिलं. तेव्हा नाही विचारलंत ते!"

फोन बंद झाला. खोली एकाएकी मोठी वाटू लागली. खरेच, तिने विचारले नव्हते. न विचारण्याबद्दलच तर ती सवलत होती!

"सकाळी आधी पोलिसांकडे देऊन येते," ती हळू आवाजात म्हणाली. "चोरीचं असेल तर मालक सापडेल. पैसे बुडाले समज."

"बुडू देत. तू तरलीस ना!"

"पण उद्याच्या समारंभाला तू काय लावणार? मला तुला काहीतरी द्यायचं होतं गं."

आईने खुंटीवरच्या गणवेशाला टाचलेले जुने घड्याळ काढून तिच्या तळहातावर उलटे ठेवले. मागे वेडीवाकडी अक्षरे होती. शाळेत असताना लेकीनेच कर्कटकाने कोरलेली: 'आईचं'.

"तेव्हा मी किती रागावले होते! पण दिलंस की तू, केव्हाच," आई म्हणाली. "उद्या तूच मला लाव."

वाचकहो, वस्तू अस्सल असली म्हणून व्यवहारही अस्सल ठरत नाही. कमी किमतीपुढे आपण जो प्रश्न गिळतो, त्याची किंमत पलीकडच्या खाटेवरचे कुणीतरी मोजत असते. तो प्रश्न आधी विचारावा. मग खुशाल मनगट पुढे करावे.