व्हायोलाची खंडेनवमी

वीरण्णाच्या व्हायोलाला युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांनी डोक्यावर घेतलं होतं. त्याच्या गावी, उदगिरात मात्र कुणी त्याला सारंगी म्हणे, कुणी फिडलाचा थोरला भाऊ. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि नव्या जिल्ह्याला मिरवायला कुणीतरी जगप्रसिद्ध हवंच होतं. म्हणून दसऱ्याला लातुरात वीरण्णाचं वादन ठरलं. पावसाचा पत्ता नाही, टँकर येईल तेव्हा खरा, पण मांडव मात्र जोरात!

गंगम्मानं, म्हणजे त्याच्या अव्वानं, लेकाचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. पोरवयातच मिशनच्या बाईंनी त्याला शिकायला मुंबईला नेलं, तिथून तो व्हिएन्नाला गेला तो तिकडचाच झाला. आता आल्यापासून ती मागं लागली होती, एकदा वाजव. तो म्हणायचा, या कोरड्या हवेत सारखं बाहेर काढलं तर लाकूड तडकेल, दसऱ्याला पहिल्या रांगेत बसून ऐक. व्हायोला त्याच्या गुरूंनी मरताना हाती दिलेला, दोनशे वर्षांपूर्वीचा. आपलं नाव आहे ते या लाकडामुळं, दुसऱ्या कशातून हा आवाज निघायचा नाही, असं तो जगभर सांगत आला होता.

खंडेनवमीला सकाळी तो मांडव बघायला लातूरला गेला. दुपारी परतला तर अंगणात, उन्हात, पाटावर आडतीचा तराजू, मापं, अडकित्ता मांडलेला आणि मधोमध व्हायोला. न्हालेला. छातीवर विभूतीची तीन बोटं.

तो जवळ गेला. सरसानं जोडलेली वरची फळी कडेनं उघडली होती, तारा लोंबत होत्या आणि पोटातून अजून पाणी ठिबकत होतं.

गंगम्मा मात्र कौतुकानं सांगत होती. ज्याच्यावर पोट चालतं त्याला आज न्हाऊ घालायचं, ही घरची रीत. तराजूवर तिनं नुसतं पाणी शिंपडलं होतं, पण लेकाच्या वाद्याला कमी करायचं नव्हतं. म्हणून स्वतःच्या आंघोळीचं पाणी राखून ठेवलं, कडकडीत तापवलं आणि वरच्या फळीतल्या त्या दोन भोकांतून आत ओतून त्याला आतूनबाहेरून धुतलं.

वीरण्णाच्या डोक्यात सणक गेली. तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला तिचे धुळीनं चिकटलेले केस दिसले आणि त्यानं आवाज खाली आणला.

"अव्वा, हे आता वाजायचं न्हाई," तो कसाबसा म्हणाला. "कधीच न्हाई."

तिला आधी थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बघून ती घाबरली. लगबगीनं पुढं आली, त्याचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले, एकेक बोट चाचपलं.

"हात तर धड हायत न्हवं तुझे?" ती म्हणाली. "मग दुसरं घे की, बाळा."

वीरण्णानं आपल्या हातांकडे पाहिलं. भरल्या सभागृहांत कधी न थरथरलेले ते हात अव्वाच्या मुठीत लटलट कापत होते आणि काही केल्या थांबत नव्हते.