सहा दिवसांचा फरक

सत्यजीतचा फोन रविवारी सकाळी आला. कॅनडात तेव्हा शनिवारची रात्र असते. त्यानं आधी माझ्या जेवणाचं विचारलं, मग गुडघ्याचं, मग कामाचं बोलला.

"आप्पा, आईची कॅलेंडरं आहेत ना अजून?"

आहेत म्हणालो. माया मागच्या ऑगस्टमध्ये गेली. तिचं काहीच मी हलवलेलं नाही. कॅलेंडरं स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला एकावर एक टांगलेली आहेत. सिलेंडर कधी लावला, कोणाकडं बारसं आहे, कोण आलं, कोण गेलं, सगळं ती त्यावर लिहायची.

त्याला तिथलं नागरिकत्व घ्यायचंय. त्यासाठी एक हजार पंच्याण्णव दिवस तिथं राहिल्याचं दाखवावं लागतं. मधे देशाबाहेर गेला असेल तर जाण्यायेण्याची प्रत्येक तारीख फॉर्मवर लिहावी लागते. जुना पासपोर्ट घर बदलताना हरवला. तिकिटं जुन्या कंपनीच्या मेलवर होती, ती नोकरी सुटली. एवढ्या काळात तो तीन वेळा दौंडला आला होता.

"नीट बघून सांगा, आप्पा. एक दिवस जरी चुकला तरी अर्ज अडकतो. मंगळवारी भरायचाय. मंगळवारी बरोबर एक हजार पंच्याण्णव होतात."

तो आकडा मला पाठ आहे. ऑगस्टमध्ये माया पुण्याला दवाखान्यात होती. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तिनं फोनवर त्याला एवढंच विचारलं, "आठ दिवस येतोस का?" तो म्हणाला, "आई, आत्ता आलो तर तेवढे दिवस अर्ज पुढं जाईल. अर्ज भरला की महिनाभर येतो." ती बरं म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. अकराव्या दिवशी गेली. भीमेच्या काठावर अग्नी मी दिला. शेजारच्या मुजीबनं मोबाईल धरला होता, त्यात सत्यजीतनं पाहिलं.

मी कॅलेंडरं खाली काढली आणि वाचत गेलो. "तेवीस नोव्हेंबर, सत्यजीत गेला. सहा मे, सत्यजीत गेला. तेवीस जानेवारी, सत्यजीत गेला." येण्याच्या तारखाही सांगितल्या. त्यानं लिहून घेतल्या, थँक्यू म्हणाला आणि फोन ठेवला.

मुजीबची बायको बानू दारात उभी होती. रविवारी ती मला कालवण आणून देते. डबा ओट्यावर ठेवत म्हणाली, "भाऊ, तेवीसला कुठं गेलता तो? तेवीसला तर पिशवी आलती माझ्याकडं."

मायाचं माहेर केंदूर, शिरूर तालुक्यातलं. प्रवासाचा दिवस वाईट निघाला, शनिवार किंवा अमावास्या, की तिच्याकडं प्रस्थान ठेवायची पद्धत. जाणाऱ्याचं एखादं कापड, मूठभर तांदूळ आणि सुपारी पिशवीत घालायची. आधीचा चांगला दिवस बघून ती दुसऱ्याच्या घरी ठेवायची. खऱ्या दिवशी जाताना ती उचलून न्यायची. म्हणजे माणूस चांगल्या दिवशीच निघाला, असं धरायचं; माया कॅलेंडरवरही तोच दिवस लिहायची. आमची पिशवी बानूकडं जायची.

"माया वैनींनी माझ्या घराचं टेसन केलतं," बानू म्हणाली. "पोरगं शनिवारी गेलं. पिशवी उचलाया आला तवा शिरा दिला, तर उभ्यानंच खाल्ला. बसाया टाइम न्हवता साहेबाला."

चौतीस वर्षं मी दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. गाडीचं चाक फिरल्याशिवाय सुटल्याची वेळ रजिस्टरात लिहायची नाही, हे तिथं शिकलो. रिटायर झाल्यावरही रोजची डायरी लिहितो. ती काढली. पंचवीस नोव्हेंबर, आठ मे, पंचवीस जानेवारी. प्रत्येक वेळी दोन दिवसांचा फरक. त्यानं आईची कॅलेंडरं मागितली होती, माझी डायरी नाही.

"सहा दिवस कमी पडतील त्याला," मी म्हणालो.

"मग सांगा की फोन करून."

मी फोन केला नाही. मंगळवारी भरू दे, म्हटलं. तिथला साहेब मोजेल आणि कागद परत पाठवेल. आईला न देता राखून ठेवलेले दिवस कमी पडले की कसं वाटतं, ते कळू दे त्याला.

बानू दाराकडं वळली. "तुमचा पोरगा हाय, तुमी बघा. पर तिकडं खोटं ठरंल ते वैनींचं अक्षर."

ती गेली. डायरी मांडीवर घेऊन मी तसाच बसलो. कालवण गार झालं. संध्याकाळी फोन लावला, तेव्हा तो नुकताच उठला होता. प्रस्थानाचं सांगितलं. पलीकडून कॅल्क्युलेटरची बटणं दाबल्याचा आवाज आला.

"सहा दिवस," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंत, आप्पा. मग मंगळवारऐवजी पुढच्या सोमवारी भरतो. सहा दिवसांनी काही बिघडत नाही."

"काही बिघडत नाही?"

"नाही ओ. अर्ज काय, नंतर कधीही भरता येतो. दिवस तेवढे बरोबर पाहिजेत."

मी डायरीची पानं उलटत राहिलो.

"आप्पा," तो म्हणाला. "आप्पा, तेव्हा मला वाटलं की..."

"तारखा लिहून घे," मी म्हणालो.

एकेक तारीख सांगितली. केबिनमधून पुढच्या स्टेशनला निरोप देताना समोरच्याकडून परत वदवून घ्यायचो, तशी त्याच्याकडून वदवून घेतली. त्याचा आवाज बारीक झाला होता, पण तारखा त्यानं बरोबर सांगितल्या.

"आणि ऑगस्ट?" मी विचारलं.

"ऑगस्टमध्ये मी आलोच नव्हतो, आप्पा."

"मग तेवढं बरोबर आहे," म्हणालो आणि फोन ठेवला.