कोरडी पुंगळी

डायच्या तोंडातून पितळेची एक पुंगळी अर्धा इंच बाहेर डोकावत होती, आणि ती एलवुडने घातलेली नव्हती.

त्याने चष्मा लावून वाकून पाहिलं. पुंगळीच्या बुडाची कड एका बाजूने फाटली होती. म्हणजे कोणीतरी ती आत दाबली, ती बाहेर येईना, म्हणून गाढवासारखा काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा हिसडत बसला आणि कड फाटल्यावर तसाच निघून गेला. वर प्रेसवर फडकं झाकायलाही विसरला नव्हता.

झाडलेल्या काडतुसाची पुंगळी फुगते. ती पुन्हा भरायची तर डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबून मापावर आणावी लागते, आणि दाबण्याआधी तिच्या अंगाला वंगणाचं बोट फिरवायचं. कोरडी घातली की ती आत अशी रुतून बसते की देवालाही दाद देत नाही. फ्लॅट क्रीकमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. ठाऊक नसलेला माणूस सगळ्या गावात एकच होता, आणि तो एलवुडचा जावई होता.

ट्रॉय कॅलिफोर्नियातून मोंटॅनात आला त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. इथलीच बायको केली, इथल्याच घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करून पोट भरत होता, पण एलवुड टव्हेटच्या लेखी तो अजून पाहुणाच होता. शिकारीला दुकानातली काडतुसं वापरायचा. एलवुडच्या मते हे चर्चच्या जेवणाला बाजारातला विकतचा ॲपल-पाय घेऊन जाण्यासारखं होतं. खातात सगळे, पण मनातल्या मनात नावं ठेवतात.

संशय हा एलवुडचा जुना सोबती. जन्मभर काउंटीचा ग्रेडर चालवून खडीचे रस्ते सपाट केले, हिवाळ्यात बर्फ लोटलं, आणि त्या एकट्या केबिनमध्ये बसून साऱ्या जगाचा हिशेब मांडला. कसायाच्या तराजूवर त्याचा विश्वास नव्हता, डॉक्टरवर तर नव्हताच. बायको होती तोवर ती हसून उडवून लावायची. मार्लिस गेली आणि हसणारं कोणी उरलं नाही.

पण या खेपेला पाणी खरोखरच कुठेतरी मुरत होतं. वसंतापासून त्याच्या या शेडमधल्या वस्तू जागा सोडत होत्या. भरलेलं काडतूस फोडायचा एक पोकळ हातोडा असतो. काडतूस त्यात अडकवून लाकडावर ठोकलं की गोळी आणि दारू सुटून बाहेर येते. तो हातोडा एलवुड डावीकडच्या खिळ्याला टांगायचा, आणि दोनदा तो उजवीकडच्या खिळ्याला सापडला होता. मग त्याने पाळत ठेवली. बुधवारी चर्चमध्ये म्हाताऱ्यांची कॉफी असते. जाताना त्याने शेडच्या दाराच्या फटीत आगकाडी खोचली. परत येऊन पाहतो तर काडी खाली पडलेली. पुढच्या बुधवारीही तेच. शेडची दुसरी चावी ट्रॉयकडे होती, तिथला हीटर त्यानेच बसवला होता ना. एलवुडने मुलीला, शॉनाला, फोनवर सांगून पाहिलं. तिने विषय बदलला आणि संध्याकाळी घरी केलेला ॲपल-पाय पाठवला. तेव्हापासून तो शॉनाकडेही जरा तिरप्या नजरेने बघू लागला होता.

आता मात्र चोर डायमध्ये पुरावा ठेवून गेला होता. एलवुडने ट्रॉयला फोन करून एवढंच सांगितलं की ये जरा, एका कामाला हात हवाय.

ट्रॉय आला. उंच, जरा वाकून चालणारा माणूस. दारात बूट झटकले, प्रेसकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. एलवुडने ते अचूक टिपलं. त्याने डाय प्रेसमधून सोडवून शिकंज्यात उलटा आवळला आणि ट्रॉयच्या हातात दिवा दिला. समोर उभं करून घाम फोडायचा, असा त्याचा बेत होता.

डायच्या आतली सळई त्याने सैल करून वर ओढून घेतली. मग पुंगळीच्या बुडात ड्रिलने आरपार भोक पाडलं. पितळेचा पिवळा कुरळा कीस ट्रॉयच्या बाहीवर पडत होता, तरी दिवा हलला नाही. भोकात एलवुडने आटे पाडले, अगदी सावकाश, अर्धा फेर पुढे आणि पाव फेर मागे. त्याचे हात अजून पक्के होते. हातांनी त्याला कधी दगा दिला नव्हता.

"अडकलेली पुंगळी अशी काढतात," तो म्हणाला. "तू बघून ठेवलेलं बरं. पुन्हा उपयोगी पडेल."

ट्रॉयने दिवा जरा जवळ धरला. मग म्हणाला, "मीच अडकवली ती, एलवुड. चुकलं माझं."

एलवुडला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला गार वाटेल, आणि वाटलंही. महिनोन्‌महिने जी शंका उराशी धरली ती खरी निघाली होती. त्याने भोकावर पान्याचं एक पोकळ सॉकेट ठेवलं, त्यातून बोल्ट आत फिरवला आणि पाना लावून आवळायला घेतला. आवळता आवळता सहज विचारल्यासारखं विचारलं, "वंगण लावलं होतंस?"

"लावलं होतं की. भरपूर."

बोल्ट करकरला, अडला, पुन्हा करकरला, आणि पुंगळी निघाली. एलवुडने ती उजेडात धरली. बाहेरून ठणठणीत कोरडी, अंगावर लांब ओरखडे. वंगणाचा थेंबही तिला लागलेला नव्हता. पोरगा सरळ तोंडावर खोटं बोलत होता. मग एलवुडने सवयीने पुंगळीच्या गळ्यात करंगळी घातली. करंगळी काळी होऊन बाहेर आली.

तो खाली बसला. बसायला स्टूल होतं म्हणून बरं.

पुंगळीच्या गळ्यात आतून ग्रॅफाइटची पूड फिरवायची आणि मगच बाहेरून वंगण लावायचं, ही त्याची स्वतःची रीत होती. पुडीचा डबा तो खिळ्यांच्या बरण्यांमागे लपवून ठेवायचा. कुणी आपली युक्ती उचलू नये म्हणून शिकारीच्या सोबत्यांनाही त्याने ती कधी दाखवली नव्हती, मार्लिसलाही नाही. त्या डब्याचा पत्ता जगात एकाच माणसाला माहीत होता. त्या माणसाने गळ्यात पूड फिरवली होती, आणि पुढचं विसरला होता. कोरडी पुंगळी दाबली, दांडा हिसडला, फडकं झाकलं आणि घरी जाऊन झोपला. यातलं काहीसुद्धा त्याला आठवत नव्हतं.

"खोटं का बोललास?" त्याने विचारलं.

ट्रॉयने दिवा खाली ठेवला. मग तो बोलला, एकेक शब्द तोलून. मार्चमध्ये एलवुडने ब्रिनसाठी काडतुसं भरून दिली होती. ब्रिन ही ट्रॉयची लेक, एलवुडची एकुलती नात. यंदा ती बारा वर्षांची झाली, यंदा ती पहिल्यांदा हरणाला जाणार. शॉनाला तेव्हा वडिलांची काळजी वाटत होती. एकच गोष्ट ते तीनतीनदा सांगत, एकदा गॅस तसाच चालू राहिला होता. म्हणून ट्रॉयने ती काडतुसं फोडून पाहिली. एकात दारू दुप्पट निघाली. तेव्हापासून दर बुधवारी तो इथे येत होता आणि ब्रिनच्या नावाचं जे भरलेलं असेल ते फोडून दुकानातलं ठेवून जात होता.

"दुप्पट दारू पुंगळीतून सांडते," एलवुड म्हणाला. "आंधळ्यालाही दिसेल."

"तुमच्या रायफलीच्या पुंगळीतून सांडते. ब्रिनची तुम्ही हलकी भरता, तिच्या खांद्याला दणका बसू नये म्हणून. अर्धी पुंगळी रिकामीच असते. दोनदा ओतली तरी मावते."

हे खरं होतं. एलवुडनेच ते कधीतरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. पण संशय इतक्या सहज थोडाच सोडतो? या माणसाला आपली शेड हवी असेल. शॉनाने आपल्याला म्हाताऱ्यांच्या घरात टाकायचं ठरवलं असेल, आणि हा सगळा बनाव त्यासाठीच असेल.

"ती दुप्पट दारू कुठे आहे? दाखव."

"टाकून दिली. फुलझाडांत."

"सोयीचं आहे."

फळीवर ब्रिनच्या नावाचा डबा होता. कालच भरलेला, शनिवारी तिच्या हातात द्यायचा. ट्रॉयचा बुधवार अजून उजाडला नव्हता. एलवुडने डबा खाली घेतला, हातोडा घेतला आणि पहिलं काडतूस त्यात अडकवून लाकडावर ठोकलं. गोळी सुटली. दारू त्याने काट्याच्या पारड्यात ओतली. काटा बरोबर खुणेवर थांबला. त्याने ट्रॉयकडे पाहिलं. दुसरं फोडलं. तेही बरोबर. तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी काटा खुणेवर येत होता आणि एलवुडची मान ताठ होत होती. ट्रॉय खाली बघत उभा होता. अर्धा डबा झाला. एलवुड आता जवळजवळ शीळ घालायच्या बेतात होता. आता याला घराबाहेर काढतो, शॉनालाही ऐकवतो, असं त्याच्या मनात चाललं होतं.

पुढच्या पुंगळीतून दारू येतच राहिली. पारड्यात तिचा ढीग झाला, काटा टणकन वर जाऊन आदळला आणि तिथेच राहिला.

एलवुडला लाज वाटली, आणि लाजेच्या किती तरी पट भीती वाटली. दुप्पट दारूने रायफल फुटते, आणि झाडताना माणूस गाल तिच्या दस्त्याला चिकटवतो. ब्रिनच्या त्या गालावर अजून ठिपके होते, मार्लिसच्या होते तसे. त्याने पारडं रिकामं केलं आणि उरलेली काडतुसं फोडायला घेतली. एक काडतूस हातोड्यात नीट बसेना तेव्हा ट्रॉयने हातोडा घेतला आणि उरलेली त्याने फोडली. त्या उरलेल्यांत सगळं ठीक होतं. पण ते कळून काय उपयोग?

शेडला कुलूप लावून झाल्यावर एलवुडने किल्ल्यांच्या जुडग्यातून चावी काढली. जुनी कडी घट्ट होती, नखाला लागलं. चावी त्याने ट्रॉयच्या हातावर ठेवली.

"ही ठेव. कुणाला देऊ नकोस. मी मागितली तरी नाही."

"बरं."

"बरं म्हणू नकोस, ऐकून घे. मी मागणार. चिडणार. तुला चोर म्हणणार, शॉनाला तुझ्याबद्दल नाही नाही ते सांगणार. मी मला ओळखतो. तरी द्यायची नाही."

ट्रॉयने मान हलवली.

"आणि मला समजावत बसू नकोस," एलवुड म्हणाला. "दर वेळी हे सगळं नव्याने ऐकायला लावू नकोस मला. एकदा बास झालं."

ब्रिनने दुकानातल्या काडतुसाने हरीण मारलं. एलवुडने तिच्या पाठीवर थाप मारली आणि सॉसेज करायला मसाला काढून दिला. नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सणही पार पडला.

मग बर्फ पडलं. एका सकाळी एलवुड बूट चढवून शेडकडे गेला आणि कुलपासमोर उभा राहिला. जुडग्यात चावी नव्हती. त्याने सगळे खिसे चाचपले, घरात जाऊन खण उपसले, पुन्हा बाहेर आला. चावी कोणी नेली असेल हे त्याला शोधावं लागलं नाही. ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दुपारी ट्रॉय भट्टीची जाळी बदलायला आला तेव्हा एलवुड दारातच उभा होता.

"माझ्या शेडची चावी तू घेतलीस."

ट्रॉयने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगण्यासाठी त्याचं तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं.

"हो," तो म्हणाला. "मी घेतली."

"दे."

"नाही देणार, एलवुड."

"वीस वर्षं ओळखून आहे तुला. शॉनाच्या आईलाही सांगितलं होतं मी, हा माणूस बरा नाही."

"सांगितलं असेल."

बाहेर वारा सुटला होता आणि तशा थंडीत कुत्र्यालाही कोणी दारात उभं करत नाही. एलवुड बाजूला झाला. त्याने दोन कपांत कॉफी ओतली, एक ट्रॉयपुढे सरकवला, आणि जिथून त्याच्यावर नीट नजर ठेवता येईल अशा खुर्चीत बसला. ट्रॉयने दोन्ही हात टेबलावर, त्याला दिसतील असे ठेवले.